दांड्यावरचा दुपट्टा

१

सुहासिनी, ही वही मी पंखाघरात बसून लिहितो आहे, ग्रीसच्या रिकाम्या डब्यावर. सकाळचे साडेनऊ झालेत. उद्या सकाळी इथे गवंडी येणार आहेत. त्याआधी मला एक काम उरकायचं आहे, आणि त्या कामाला हात घालण्याआधी तुला सगळं सांगायला हवं. लिहून झालं की ही वही आपला डोअरकीपर उकंडा तुझ्या शाळेत आणून देईल.

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण मी टॉकीजमध्ये नेमकं काय करतो हे तुला अजून नीट ठाऊक नाही. दोष माझाच. तू विचारायचीस आणि मी घोरायला लागायचो. तुझ्या आईला तर अजून वाटतं की जावई पडद्यावर सिनेमा दाखवतो. तर ऐक. बाहेर दर्शनी भिंतीवर 'आत थंडगार हवा' अशी निळी पाटी आहे ना, ती पाटी म्हणजे मी. यवतमाळच्या उन्हाळ्यात दुपारच्या खेळाला माणसं चित्रपट पाहायला येतात असं मालकांना वाटतं. ती गारव्यात तीन तास झोपायला येतात.

पंखाघर टॉकीजच्या मागच्या अंगाला आहे. त्याच्या तीन बाजूंना वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर सतत पाणी झिरपतं. मधे पुरुषभर उंचीचा लोखंडी पंखा. तो बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून ओढतो आणि प्रेक्षागृहाच्या फरशीखालच्या भुयारात ढकलतो. भुयार विटांचं आहे, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच, सत्तर फूट लांब. वर खुर्च्यांच्या रांगांमध्ये सात जाळ्या आहेत, त्यांतून गार हवा वर येते. सातवी जाळी पडद्याच्या अगदी पुढ्यात. तिच्यापुढे भिंत आहे, आणि भिंतीपुढे माती. नकाशा माझ्या पेटीत आहे, मी स्वतः मोजून काढलेला.

दरवर्षी होळी झाली की आठवडाभर मशीन बंद ठेवून सफाई करायची. हौदातला गाळ उपसायचा, जुना वाळा काढून नवा भरायचा, बेअरिंगला ग्रीस द्यायचं, पट्टा ताणून घ्यायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे भुयार. भुयारात पोटावर सरपटत जावं लागतं. शेंगांची टरफलं, बिड्यांची थोटकं, तिकिटांचे तुकडे, एकदा तर चांदीचं जोडवं सापडलं होतं. आत शिरायची लोखंडी झडप पंख्याच्या पात्यांना खेटून आहे, आणि ती आतल्या बाजूला उघडते. म्हणजे माणूस शिरत असताना कुणी मशीन चालू केलं तर पाती त्याला सोडणार नाहीत. आणि तो आत गेल्यावर चालू केलं, तर हवेच्या दाबानं झडप अशी गच्च बसते की चार माणसांना ती ओढून उघडत नाही.

म्हणूनच दांड्याचा नियम होता. तो माझा नव्हे, धरमसिंगचा.

२

धरमसिंगला तू पाहिलं आहेस. लोहाऱ्याच्या पलीकडच्या तांड्यातून रोज पायी यायचा. पन्नाशीचा, शिडशिडीत, गळ्यात लाल दुपट्टा. लहानपणी बैलाचा पाय पडून डाव्या अंगठ्याचं नख गेलेलं. मी नागपूरहून यंत्रांचा डिप्लोमा घेऊन आलो तेव्हा भुयाराचं काम मला त्यानंच शिकवलं. डिप्लोमात पोटावर सरपटणं नव्हतं.

त्याचा नियम साधा होता. आत जाणाऱ्यानं आपला दुपट्टा मेन स्विचच्या दांड्याला बांधायचा. दांड्यावर एकही दुपट्टा असेल तोवर मशीनला हात लावायचा नाही. आत असताना अधूनमधून विटेवर दोन ठोके द्यायचे, बाहेरच्यानं दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. बाहेर निघताना तीन ठोके. आणि बाहेर आल्यावर ज्याचा दुपट्टा त्यानंच सोडायचा आणि स्वतःचं नाव स्वतः सांगायचं, 'धरमसिंग निघाला.' दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालायचं नाही.

पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. म्हटलं, "तुम्ही बाहेर आलात हे मला दिसतंय की. नाव कशाला सांगायचं?"

"साहेब, माह्या आज्याजवळ बैलं होते," तो म्हणाला. "मीठ, गहू लादून लई लांब जायचे. मुक्कामाले पोचले का कोनी कोनाले मोजत नव्हतं. ज्याचं त्यानं नाव सांगायचं. एकडाव कोन्तरी दुसऱ्याचं नाव सांगून देल्लं. 'थो बी आला' म्हने. सगळे जेवले, झोपले. आन् थो मांगंच राह्यलता, जंगलात."

"मग शोधला असेल की."

"कायले शोधतीन? थो तं आलता ना. त्याचं नाव लागलं होतं." मग विडी पेटवत म्हणाला, "आलेल्या मानसासाठी कोनी थांबत नाही साहेब."

मी तेव्हा पुन्हा हसलो. पण नियम चांगला होता म्हणून पाळला. चार वर्षं पाळला.

३

मागल्या वर्षी भुयाराच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघंही आत गेलो. दांड्याला त्याचा लाल दुपट्टा आणि माझा निळ्या काठाचा, तूच दिवाळीत आणलेला. बाहेर ठोके द्यायला उकंडा बसला होता. दुपारी काम संपवून आम्ही निघालो. धरमसिंगनं आपला दुपट्टा सोडला, नाव सांगितलं. मी माझा सोडला, नाव सांगितलं. आणि दांड्यावर तिसरा दुपट्टा होता.

पांढरा, पण धुऊन धुऊन पिवळा पडलेला. ओला. त्याला वाळ्याचा वास येत होता, आणि वाळा तर आम्ही अजून भरलाच नव्हता.

"उकंड्या, कोणाचा रे हा?"

"मले काय मालूम साहेब? मी इथून हाललोच नाही. कोनी आलंच नाही तं."

मी चिडलो. उकंड्याला डुलकी लागली असणार आणि कुणीतरी टवाळखोरानं थट्टा केली असणार, हे उघड होतं. तरी मी टॉर्च घेऊन पुन्हा आत गेलो. सत्तर फूट सरपटलो. सातव्या जाळीपर्यंत गेलो, समोरच्या भिंतीवर हात ठेवला, परत आलो. भुयार पाटीसारखं स्वच्छ होतं.

"आत कोणी नाही," मी म्हणालो.

धरमसिंग दांड्याकडे पाहत उभा होता. "तुमाले दिसला नाही, येवढंच. ज्याचा हाय त्यानंच काहाडला पायजे. राहू द्या साहेब."

"आणि त्यानं काढलाच नाही तर? शुक्रवारी नवा चित्रपट लागतोय. लोकांना काय उकाड्यात बसवू?"

"बसू द्या."

दोन दिवस तो दुपट्टा तसाच राहिला. मार्चचा सुका वारा वाहत होता, आपल्याकडे दोरीवरचं धोतर अर्ध्या तासात कडकडीत होतं, आणि हा वाळेना. मॅनेजर यज्ञेश्वरराव दोनदा येऊन विचारून गेले. त्यांना काय सांगणार? डिप्लोमा झालेला माणूस एका फडक्याला घाबरून मशीन बंद ठेवतो, हे माझ्या तोंडून निघेना. तिसऱ्या दिवशी सकाळी धरमसिंग यायच्या आत मी तो सोडला. हाताला ग्रीस लागलं होतं ते त्यालाच पुसलं आणि चिंध्यांच्या बादलीत टाकला. मशीन मिनिटभर चालवून पाहिलं. काहीही झालं नाही.

हे मी अगदी सहज केलं, सुहासिनी. तू भांडी पुसून फडकं वाळत टाकतेस तितक्या सहज. तेच मला सहन होत नाही.

४

धरमसिंगला मी ते अभिमानानं सांगितलं. त्यानं फक्त बादलीत वाकून पाहिलं. चिंध्या होत्या, तो दुपट्टा नव्हता.

"फेकून दिला असेल झाडणारणीनं," मी म्हणालो. "आता शेवटच्या जाळीखालचा चुना खरवडायचा राहिलाय. अर्ध्या तासाचं काम आहे."

"आज नका धाडू साहेब."

"का?"

"त्याले आता निघायले जागाच नाही राह्यली."

मी चेष्टा केली. म्हटलं, धरमसिंग, तुम्ही म्हातारे झालात, मीच जातो मग. मला माहीत होतं की हे ऐकून तो मला जाऊ देणार नाही. त्यानं वहाणा काढून झडपेपाशी ठेवल्या, लाल दुपट्टा दांड्याला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि आत गेला.

मी बाहेर पट्टा ताणत बसलो. दोन ठोके आले, मी दोन दिले. पुन्हा दोन आले, मी दोन दिले. खरवडण्याचा आवाज येत होता. मग बराच वेळ काही आलं नाही, आणि मग तीन ठोके आले. माझी पाठ झडपेकडे होती. पान्याला अडकलेला नट सुटत नव्हता, म्हणून मी वळलो नाही. झडप वाजली.

"धरमसिंग निघाला."

वळलो तेव्हा तो दांड्याजवळ पाठमोरा उभा होता आणि दुपट्टा गळ्यात टाकत होता. त्याचाच आवाज, त्याचेच खांदे. तो दारातून बाहेर नळाकडे गेला. मी दांड्याकडे पाहिलं. दांडा मोकळा होता. नियमाप्रमाणे सगळे बाहेर होते.

मी झडप लावली आणि दांडा वर केला.

पंखा हळूहळू वेगात आला. वर प्रेक्षागृहात यज्ञेश्वरराव हातरुमाल जाळीवर धरून तपासत होते, त्यांनी पंखाघराकडच्या खिडकीतून आनंदानं हात केला. तेव्हा मला झडपेपाशी वहाणा दिसल्या. दोन्ही शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. मी स्वतःला सांगितलं की नळावर पाय धुवायचे म्हणून तो अनवाणी गेला असेल. हे पटण्यासारखं होतं. मी झडपेच्या पत्र्यावर तळहात टेकवला, बेअरिंगची थरथर किती आहे ते पाहायला.

पत्र्यात दोन ठोके आले.

५

मी दांडा खाली ओढला. पंखा थांबायला वेळ लागतो. तो पुरता थांबल्यावर शांततेत पुन्हा दोन ठोके आले, आतून, लांबून. मी पान्यानं दोन दिले. लगेच दोन आले. त्यांत घाई होती.

मी झडप ढकलली आणि आत शिरलो. दुपट्टा माझ्या गळ्यातच राहिला. चार वर्षांत पहिल्यांदा मी तो दांड्याला बांधायला विसरलो.

भुयारात जाळ्यांमधून उजेडाचे चौकोन पडतात. तेवढ्यावरच माणूस किती पुढे आला ते कळतं. मी मोजत गेलो. एक. दोन. कोपरं सोलवटत होती, ओठांवर धूळ बसत होती. थांबून विटेवर दोन ठोके दिले. पुढून दोन आले. "धरमसिंग!" मी ओरडलो. तीन. चार. प्रत्येक वेळी ठोके तितकेच लांबून यायचे, जणू मी जेवढा सरकत होतो तेवढे तेही सरकत होते. पाच. सहा. सात. सातव्या जाळीखाली चुना अर्धा खरवडलेला होता आणि खरवडणी तिथेच पडली होती. ती मी हातात घेतली. ती अजून ऊबदार होती.

तिथे भिंत असायला हवी होती.

पुढे आठवा चौकोन होता.

तो उजेड प्रेक्षागृहातला नव्हता एवढं मी सांगू शकतो. करडा होता, पहाटेचा असतो तसा. त्या चौकोनात दोन तळपाय होते. अनवाणी, टाचा फुटलेल्या, माझ्याकडे पाठ करून सरपटत पुढे जाणारे. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. माणूस जसा वाट शोधत जातो तसे ते दमादमानं सरकत होते. त्याच्याही पुढे आणखी चौकोन होते, एकामागे एक, मोजता येणार नाहीत इतके. त्या आठव्या जाळीतून वर काय दिसतं ते मी पाहिलं नाही. वर पाहायची हिंमतच झाली नाही, हे खरं आहे.

मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मागून, पंखाघरातून, यज्ञेश्वररावांचा आवाज आला.

"मशीन का बंद केलं? आत कोणी आहे का?"

"कोनी नाही साहेब." धरमसिंगचा आवाज. शांत, आदबशीर. "सगळे निघाले. मधुसूदन निघाला."

सुहासिनी, त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या तळपायांची नव्हती वाटली. धरमसिंगनं उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं नाव घेतलं नसतं. मरता मरता घेतलं नसतं. आणि तो मला कधी नुसतं मधुसूदन म्हणाला नव्हता.

"मी आत आहे!" मी ओरडलो. झडप बंद झाल्याचा आवाज आला. मग दांडा वर गेला.

वारा अंगावर आला तेव्हा धुळीनं डोळे मिटले. हवा एवढी होती की श्वास घेता येईना, ही गोष्ट मला कुणी सांगितली असती तर मी हसलो असतो. डोळे उघडले तेव्हा समोर हातभर अंतरावर भिंत होती, माझ्याच हातच्या गिलाव्याची. मी सातव्या जाळीखाली उताणा झालो आणि खरवडणीनं जाळी ठोकत राहिलो. दोन ठोके, पुन्हा दोन. किती वेळ ते माहीत नाही. यज्ञेश्वरराव वर आले होते, त्यांना जाळीतून माझी बोटं दिसली. ते किंचाळत पळाले आणि त्यांनीच दांडा ओढला.

बाहेर आलो तर धरमसिंग दाराशी उभा होता. अनवाणी. पाय ओले.

"साहेब, तुमी आत होते का?" तो म्हणाला. "दांड्यावर दुपट्टा नोता तुमचा."

ते खरं होतं. 

६

चार दिवसांनी मी त्याच्या वहाणा घेऊन तांड्यावर गेलो. तुला सांगितलं होतं की मजूर ठरवायला जातो. त्याची बायको रुपीबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. हातभर बांगड्या, कपाळावर आठ्या. माझ्या हातातल्या वहाणा पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"त्याच्याच हायेत," ती म्हणाली. "थो म्हन्ते माह्या नाहीत."

"रुपीबाई, ते घरी कसे आहेत?"

तिनं आधी घराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "चांगला हाय. जेवते, काम करते. भांडत बी नाही आता. बस एक गोष्ट हाय. ओ देते."

"म्हणजे?"

उत्तर द्यायच्या ऐवजी तिनं शेजारच्या झोपडीकडे तोंड करून हाक मारली, "सोनीबाई!"

"ओ," घरातून धरमसिंगचा आवाज आला.

"देवसिंग!"

"ओ."

दोन हाका झाल्यावर थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हलकेच, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "धरमसिंग."

घरातून काही आलं नाही. ज्वारीवर चिमण्या उतरल्या, तिनं त्यांना हाकललं नाही.

"माह्या मानसानं कदी दुसऱ्याची ओ देल्ली नाही," ती म्हणाली. "साहेब, त्याचा दुपट्टा कोनं काहाडला?"

"त्यांनीच. म्हणजे, याने. मी पाठ करून होतो. मला नाव ऐकू आलं."

"मंग लागलं त्याचं नाव." तिनं वहाणा माझ्या हातातून घेतल्या, पदरानं पुसल्या आणि परत माझ्याकडे दिल्या. "तुमच्याजवळच ठेवा. तिकडूनच निघन थो. अनवानी कायले येईन घरी?"

ती रडली नाही. मी येताना लोहाऱ्याच्या नाल्यावर बसून रडलो. त्या दिवशी मी उशिरा आलो म्हणून तू रागावली होतीस.

७

तेव्हापासून वर्षभर मी कुठेही गेलो नाही, हे तुझ्या लक्षात आलंच आहे. अकोल्याच्या मोठ्या टॉकीजनं बोलावलं, मी नाही म्हणालो. तुझ्या भावाच्या लग्नाला आलो नाही, तू दोन महिने बोलली नाहीस. कशाला थांबलो ते आता सांगतो. रोज दुपारचा खेळ संपला की मशीन बंद करायचं आणि झडपेवर दोन ठोके द्यायचे. आतून दोन येतात. पावसाळ्यात आले, थंडीत आले. आता फार लांबून येतात, पण येतात. बाहेर कुणी आहे एवढं त्याला कळत राहावं म्हणून मी थांबलो. मी नसलो तर त्याच्यासाठी कुणी थांबणार नाही, कारण सगळ्यांच्या लेखी तो बाहेर आहे. रोज सकाळी आठला कामावर येतो. मला पाणी आणून देतो.

मालकांनी आता छतावरून पत्र्याचे नळ घेतले आहेत, हवा वरून येणार. भुयाराची गरज उरली नाही. उद्या गवंडी झडप काढून तोंड विटांनी बुजवणार आहेत. मी यज्ञेश्वररावांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मधुसूदनराव, मागच्या वर्षीच्या प्रकारानंतर ते तोंड बुजवलेलंच बरं. तुमच्याच जिवावर बेतलं होतं." भला माणूस आहे. 

म्हणून मी आज आत जातो आहे. बरोबर धरमसिंगच्या वहाणा नेतो आहे. त्याला तोंडापर्यंत आणायचं, आणि त्याच्या तोंडून त्याचं नाव ऐकायचं, एवढंच काम. या वेळी आठव्या चौकोनाशी थांबणार नाही.

मूर्खपणा करत नाही आहे. तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकलेत, मशीन चालू होणं शक्य नाही. झडपेत लाकडाचा ठोकळा अडकवला आहे. फक्त दुपट्ट्याचं काय करावं ते मला सुचलेलं नाही. बांधला नाही तर मी आत नाहीच असं होतं. बांधला तर तो कुणीही सोडू शकतं. मी सोडला होता तसा. शेवटी बांधलाच आहे, तुझा निळ्या काठाचा.

उकंड्याला दांड्यापाशी बसवणार होतो, पण वही घेऊन त्यालाच यायचं आहे. तो आत्ता दारात येऊन उभा राहिला आहे, शाळा सुटायच्या आत पोचायला हवं म्हणतो. त्याच्या मागे धरमसिंग आहे. मी न सांगताच तो आत आला, दांड्याच्या बाजूला उकिडवा बसला आणि दुपट्ट्याचा काठ बोटांनी चाचपून पाहिला.

"जा साहेब," तो म्हणाला. "मी हाय ना इथं."

तर सुहासिनी, आता नीट वाच. मी माझे बूट झडपेपाशी काढून ठेवतो आहे. संध्याकाळी मी घरी येईन. बूट घालून आलो तर काही प्रश्न नाही, चहा टाक. अनवाणी आलो, तर मला आत घेण्याआधी उंबऱ्यावरच थांबव. मी थकलेला दिसेन, तुला दया येईल. येऊ देऊ नकोस. आपल्या लेकीला, शोभाला, मागच्या खोलीत ने, तिच्या तोंडावर हात ठेव, आणि तिथून तिच्या नावानं हाक मार.

बाहेरून मी ओ दिली तर दाराला कडी लाव. मग मागच्या दारानं निघ आणि गवंड्यांना थांबव. त्यांना काहीही सांग, पण थांबव. आणि झडपेवर दोन ठोके दे. मी आत आहे.